मागे नेलेली दुरुस्ती

पाय सवयीने वर उचलला गेला, आणि जिथे जमीन लागायला हवी होती तिथे ती लागली नाही. ती बोटभर खाली होती. टाच फरशीवर आदळली, धक्का गुडघ्यातून कमरेत आणि तिथून थेट दातांपर्यंत गेला, जीभ चावली गेली. तिने दाराची कड धरली. ऑफिसची लिफ्ट चौथ्या मजल्यावर कायम जराशी खाली थांबायची. कधीपासून, ते आता कुणाला आठवत नव्हतं. बाहेर पडणारा प्रत्येकजण न बघता, फोनवर बोलता बोलता, पाय थोडा वर घेऊनच बाहेर टाकायचा. नवी पोरं पहिले काही दिवस ठेचकाळायची, मग त्यांच्याही पायाला कळायचं. आज लिफ्ट जमिनीला जमीन लावून थांबली होती. "झाली एकदाची सरळ!" रखवालदार खुर्चीतून उठत म्हणाला. जणू त्यानेच ती खांद्यावर उचलून धरली होती. "किती मागे लागलो मॅडम, तेव्हा आला तो मेकॅनिक. लागलं का काही?" "नाही." "सकाळपासून सगळेच अडखळतायत बघा. मोडकी होती तेव्हा बरे चालत होते." तो स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला, आणि तीही हसली, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. पण आपल्या जागेवर येऊन बसेपर्यंत तोंडात रक्ताची लोखंडी चव पसरली होती, आणि गुडघ्यापेक्षाही काहीतरी आतलं, नाव नसलेलं, जागचं हललं होतं. इतकी वर्षं आपण रोज पाय उचलत होतो हेच तिला आज कळलं होतं.

तिची जागा हॉलच्या टोकाला होती, न उघडणाऱ्या खिडकीपाशी. कंपनी एका यंत्राचं सॉफ्टवेअर करायची: हॉस्पिटलात रोग्याच्या खाटेशी उभा असतो तो पंप. त्यात औषध भरलेली सिरिंज आडवी बसवायची, आणि यंत्र ती तासन्‌तास, डोळ्यांना दिसणार नाही इतक्या हळू दाबत राहतं. किती औषध गेलं ते समोरच्या काचेवर आकड्यात दिसतं. हॉलच्या दुसऱ्या अर्ध्या भागात बसणारी तरुण मंडळी नव्या पंपांची नवी आवृत्ती करत. जुने पंप मात्र अजून लहान लहान हॉस्पिटलांत चालू होते, त्यांच्यात नवी आवृत्ती मावत नव्हती, आणि ती जुनी आवृत्ती सांभाळायला हिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. म्हणून निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही तिला ठेवून घेतलं होतं. नव्या आवृत्तीत रोज काही ना काही दुरुस्त होई. त्यातली कुठली दुरुस्ती जुन्या आवृत्तीत मागे न्यायची आणि कुठली नाही, एवढंच तिचं काम. पोरं त्याला बॅकपोर्ट म्हणत. ती नुसतं 'मागे नेणं' म्हणायची. जुनी आवृत्ती म्हणजे स्टेबल, स्थिर झालेली, म्हणून पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं 'स्टेबल काकू'. तोंडावरही म्हणत. तिला राग येत नसे. दहातल्या नऊ दुरुस्त्यांना ती नाही म्हणायची, आणि कुणी कुरकुर केली तर सांगायची की बाबांनो, मला नाही म्हणण्याचाच पगार मिळतो. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. तक्रार नसेल तर मुळीच लावायचा नाही. हा नियम तिनेच घातला होता आणि आता तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता.

आज पुढ्यात जी दुरुस्ती होती ती आधी दोनदा येऊन गेली होती, आणि दोन्ही वेळा तिने ती 'तक्रार नाही' म्हणून बाजूला सारली होती. इनमिन पाच ओळी. जुन्या पंपात एक खोड होती: लाईट जाऊन पुन्हा आली की काचेवर त्या क्षणाचा नव्हे, मागे जपून ठेवलेला आकडा उमटायचा, त्यामुळे खरं जितकं औषध गेलं त्यापेक्षा दोन मिली कमी दिसायचं. नर्सेसना हे केव्हाच कळलं होतं. त्या लाईट आली की मनातल्या मनात दोन मिळवायच्या आणि पुढे चालू लागायच्या. जिथे लाईट जातच नाही अशा मोठ्या हॉस्पिटलांत खोड कुणाला दिसलीच नव्हती, आणि जिथे रोज जाते तिथे ती खोड राहिलीच नव्हती, कामाची रीत झाली होती. दुरुस्ती मागे नेली, तर आकडा खरा दाखवेल. पण हात दोन मिळवतच राहतील, सिरिंज लवकर थांबवली जाईल, आणि ज्याला औषध हवं त्याला कमी पडेल. नाही नेली, तर जिला रीत ठाऊक नाही अशी कुणी नवी मुलगी आकड्यावर विश्वास ठेवेल, आणि औषध जास्त जाईल. तिने चष्मा काढून डोळे चोळले. जिभेचं टोक दातांना लागलं, झोंबलं. लिफ्ट सरळ करणाऱ्याला चौथ्या मजल्यावरचे पाय कुठे माहीत होते?

"काकू, ते पंपाचं झालं का?" टीमचा प्रमुख टेबलाला टेकून उभा राहिला. वयाने तिच्या मुलीपेक्षा लहान, पण हल्ली कानाजवळचे केस पिकले होते. "जुन्या आवृत्तीतल्या या वेळच्या दुरुस्त्यांची यादी शुक्रवारी बंद करतोय. आत काय, बाहेर काय, तेवढं सांगा." "पडद्यावर एक सूचना दाखवता आली असती तर," ती म्हणाली, "की बायांनो, आता मिळवू नका." "सूचना म्हणजे नवं काम. नवं काम म्हणजे पुन्हा सगळी परवानगी. वर्ष जाईल. हे मला तुम्हीच शिकवलंय." "शिकवलंय खरं." "मग राहू दे की बाहेर. तक्रार आहे का कुणाची?" "नाही." "झालं तर. नियम तुमचा, मी नुसता हमाल." तो हसत निघून गेला, आणि तिला त्याचा हेवा वाटला; मग हेव्यामागोमाग भीती, कारण त्याच्या तोंडून आपलेच शब्द ऐकताना ते किती गुळगुळीत झालेत, हे कळत होतं. तक्रार नाही. ती स्वतःच्या घरात किती वर्षं हेच म्हणत आली होती. सासूबाई विचारायच्या, माझ्या मुलाची काही तक्रार? ती म्हणायची, नाही हो, तक्रार कसली. आणि ते खोटंही नव्हतं.

नवरा वाईट नव्हता. तो नुसता बोलत नसे. दारातून आत यायचा, किल्ल्या खुंटीला अडकवायचा, आणि घर त्या आवाजानंतर गप्प व्हायचं. लग्न झाल्यावर पहिले काही महिने ती ठेचकाळली. काय झालं, माझं काही चुकलं का, बाहेर काही झालं का, असं विचारत राहिली, आणि भिंतीवर चेंडू मारावा तसे प्रश्न तिच्याकडेच परत येत गेले. मग तिच्या पायाला कळलं. त्याला प्रश्न विचारायचा नाही, नुसतं सांगायचं: उद्या मुलीला दातांच्या डॉक्टरकडे नेतेय. तो काही बोलला नाही तर तो होकार. जिन्यात चपला ओढत आला तर पैशांचं बोलायचं नाही, पायऱ्या भराभर चढला तर बोलायला हरकत नाही. पेपर चेहऱ्यासमोर असेल तर मुलीला शेजारी खेळायला पाठवायचं, मांडीवर असेल तर तिला त्याच्याजवळ बसू द्यायचं. स्वतःला ताप आला तर स्वतःच गोळी घ्यायची आणि भांडी जरा आवाज न करता घासायची. तिने त्याच्या गप्प बसण्याभोवती एक अख्खं घर उभं केलं होतं, आणि त्या घरात सगळं जागच्या जागी होतं. बायका आपापसात नवऱ्यांची उणीदुणी काढत तेव्हा ती मुकाट ऐकत बसायची. तिला खरंच सांगण्यासारखं काही सापडत नसे. रोज दोन मिळवणाऱ्या बाईला आकडा चुकीचा आहे हे कुठे आठवतं?

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तिने सिस्टरना फोन लावला. त्या एका लहान हॉस्पिटलाच्या मुख्य नर्स. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण जुन्या पंपाचं काही अडलं की फोन त्यांचाच असायचा, आणि आवाजावरून ती त्यांचा चेहरा रुंद, कपाळ घामेजलेलं आणि कंबर दुखरी असणार असं धरून चालायची. "बोला बाई. तुमचा फोन म्हणजे एकतर काहीतरी मोडलंय, नाहीतर काहीतरी नीट झालंय. मला दोन्हीची भीतीच वाटते." "सिस्टर, लाईट जाऊन आली की तुम्ही अजून दोन मिळवता ना?" "मिळवतो म्हणजे! यंत्रावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय. झोपेतसुद्धा मिळवेन मी. परवा घरी दूधवाल्याच्या हिशेबात मिळवले." त्या स्वतःच खो खो हसल्या. "ते जर नीट केलं तर?" हसणं थांबलं. "नका हो करू. हात बसलाय आमच्या पोरींचा. तुम्ही तिकडे बसून पाच मिनिटांत नीट कराल, इथे हाताला कोण सांगणार?" "आणि नव्या मुली?" फोनमध्ये मागे कुणीतरी खोकत होतं, एक ट्रॉली खडखडत गेली. मग दार लावल्याचा आवाज आला, आणि सिस्टरांचा आवाज अगदी जवळ आला.

"एक होती नवी. आल्या आल्या रात्रपाळी दिली तिला. काय करणार, माणसं आहेत कुठे? पट्टीवरची शाई उडून गेलीय. मला वाचता येते ती पाठ आहे म्हणून. पोरीला ती नुसती मळकी पट्टी दिसली असणार. त्या रात्री लाईट सारखी ये-जा करत होती. एक आजोबा होते, दुखण्यासाठी औषध चालू होतं त्यांना. जास्त झालं की श्वास मंद होतो, असलं औषध. सकाळी उठलेच नाहीत." "सिस्टर—" "वय झालं होतं. बरे होऊन घरी जाणार होते अशातलाही भाग नाही. घरचे म्हणाले, झोपेत गेले, सुटले. माझाच हात धरून रडली त्यांची सून, म्हणाली तुम्ही फार केलंत." "कुणाला कळवलं नाहीत?" "काय कळवू? यंत्र बिघडलं म्हणून? ते तर कधीपासून तसंच आहे. पोरीचं चुकलं म्हणून? तिला सांगितलं होतं कुणी? मी सांगायला हवं होतं, तर मला वाटलं पट्टी आहेच." त्यांनी श्वास घेतला. "दोन महिने झाले. ती पोर अजून येते कामावर. सारखी दोन मिळवते आता, लाईट गेली असो नसो. हे मी तुम्हाला बोललेले नाही हां बाई. या महिन्याअखेर मी सुटणार आहे, तेवढं सुखाने होऊ दे."

दोन महिने. तिने दुसऱ्यांदा ती दुरुस्ती बाजूला सारली होती त्याला तीन झाले होते. हिशेब करायला बोटंही लागली नाहीत. तिला त्या दिवसाचं काहीच आठवेना: बाहेर ऊन होतं की नाही, कुठली साडी होती, मनात काय होतं. इतकंच आठवलं की 'तक्रार नाही' लिहून ती चहाला उठली होती. तो म्हातारा तिच्या डोळ्यांसमोर येऊ लागला तसा तो अनोळखी राहीना. त्याला आपोआप नवऱ्याचे पाय आले, तळवे भेगाळलेले, पांघरुणाबाहेर राहणारे. नवराही शेवटी अशाच एका खाटेवर होता, पण त्याआधीचं एक वर्ष तो घरी होता, आणि ते वर्ष ती सहसा आठवायला जात नसे. हृदयाचं ऑपरेशन होऊन तो परत आला तो वेगळाच. अंगाने अर्धा, आणि आवाजाने मऊ. पहिल्याच संध्याकाळी ती कामावरून आली, पदर खोचून ओट्याकडे वळली, आणि मागून तो म्हणाला, "दमलीस का?" तिचा हात हवेतच राहिला. ती वळून म्हणाली, "का? काय हवंय?" इतक्या वर्षांत त्याने काही विचारलं की त्यामागे काहीतरी हवं असायचं. "काही नाही," तो म्हणाला. "सहज." सहज! ती रात्रभर त्या शब्दाच्या मागे काय आहे ते शोधत राहिली. मग तो चहा करून ठेवू लागला. ती यायच्या वेळेआधीच करायचा, पाणी जास्त, साखर कमी. पण ती वाटेत कोपऱ्यावरच्या टपरीवर उभ्याने चहा पिऊनच घरी यायची, कित्येक वर्षं, कारण घरात येऊन कुणी चहा देणार नाही हे पायांना ठाऊक होतं. टेबलावरच्या कपावर साय धरायची. "घेतला नाहीस?" "झालाय माझा." तिने टपरीवर थांबणं बंद करायला हवं होतं, एवढंच. एवढंच करायचं होतं. पण रोज संध्याकाळी पाय आपोआप कोपऱ्यावर थांबत, आणि हातात गरम ग्लास आल्यावर तिला आठवे. शिवाय आत कुठेतरी एक चीडही होती, ती तिने कुणाला सांगितली नव्हती: आता? इतक्या उशिरा? मी सगळं घर तुझ्या गप्प बसण्याच्या मापाने बांधून झाल्यावर? पुढे पुढे त्याने चहा ठेवायचं बंद केलं. विचारणंही बंद झालं. मुलगी अजून फोनवर म्हणते, "बाबा शेवटी किती बदलले होते ना गं आई," आणि ती म्हणते, हो ना. दुरुस्ती बरोबर होती. तिच्यात चूक काढायला जागा नव्हती. ती फक्त कुणाला न सांगता आली होती, आणि जिच्यासाठी आली तिचा पाय अजून वरच उचललेला होता.

ती उठून प्रमुखाच्या टेबलापाशी गेली. "पंपाची दुरुस्ती आत घे." त्याने कानातला हेडफोन काढला. "काय?" "आत घे म्हणते." "काकू, सकाळी तर... कुणाची तक्रार आली का?" सिस्टरांचा बंद दारामागचा आवाज तिच्या कानात होता. "नाही." "मग कारणाच्या रकान्यात काय लिहू?" "माझं नाव लिही." "नाव म्हणजे कारण नव्हे, काकू." तो आजूबाजूला बघत हळू आवाजात म्हणाला, "आणि त्या मिळवणाऱ्या नर्सेस? उद्या कुणाला औषध कमी पडलं, तर विचारायला माझ्याकडे येतील. तुमच्याकडेही येतील. आता इथून जायची वेळ आली तुमची, कशाला विकतचं दुखणं?" "सगळ्या हॉस्पिटलांना मी फोन करीन. एकेकाला. यंत्रात भरायच्या आधी." "फोनवर कोण येईल? ऑफिसातला कारकून. रात्रीच्या मुलीपर्यंत पोचेल ते?" ते पोचणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. तिला वाटलं आता हा विचारणार, खरं काय झालंय ते विचारणार, आणि मग आपण सांगून टाकू. पण त्याने मान वळवून टाइप करायला घेतलं. न विचारणं त्याला तिनेच शिकवलं होतं.

पुढचे दिवस फोनमध्ये गेले. एका ठिकाणी कारकून म्हणाला, "कसले दोन? आमच्याकडे कुणी काही मिळवत नाही." त्या हॉस्पिटलात लाईट रोज जात होती; तिने फोन ठेवला आणि तळहात टेबलावर पालथे टाकून बसून राहिली. दुसऱ्या ठिकाणी एक नर्स तडतडून म्हणाली, "आम्ही तर तीन मिळवतो. आमच्या आधीच्या सिस्टरनी तीनच सांगितलेत." "का?" "का म्हणजे? मिळवतो." तिसरीने सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा परत म्हणून दाखवलं, आणि शेवटी विचारलं, "म्हणजे आता आकडा खरा असणार?" "हो." "मग इतके दिवस खोटा होता हे आम्हाला का नाही सांगितलं तुम्ही?" सिस्टरांना तिने मुद्दाम सर्वांत शेवटी फोन केला. त्या रागावतील अशी तिची अपेक्षा होती. त्या रागावल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तोंडाने सांगते सगळ्यांना. पट्टी काढून टाकते. त्या पोरीला समोर बसवून सांगते. आत्ता कुठे मिळवायला शिकलीय, आता तिला म्हणायचं नको मिळवूस." "ऐकेल ना?" "ती ऐकेल हो. हाताचं मला विचारू नका." महिनाअखेर आली आणि गेली. त्यानंतर तिकडून कधी फोन आला नाही, आणि तिने केला तेव्हा एक अनोळखी आवाज म्हणाला, त्या आता इथे नाहीत, काय काम होतं? काही नाही म्हणत तिने फोन ठेवला. दुरुस्ती सगळ्या जुन्या पंपांत भरून झाली होती. प्रमुखाने एकदा येता जाता सांगितलं, "काकू, तुमचा पंप शांत आहे. एकही तक्रार नाही." त्याला तिला बरं वाटावं असंच वाटत होतं. ती म्हणाली, "हं."

एका संध्याकाळी ती घरी आली, दिवा लावून नुसतीच टेबलाशी बसली होती, आणि लाईट गेली. खिडकीबाहेरचे चौकोन एकेक करत नव्हे, एकदमच विझले. पार दूरच्या मोठ्या रस्त्यापर्यंत. फ्रिजची घरघर थांबली आणि ती इतका वेळ चालू होती हे कळलं. ती हलली नाही. कुठे कुठे गेली असेल? इथेच, की पलीकडेही, की त्या न पाहिलेल्या गावांपर्यंत, जिथे खाटेशी पंप आता बॅटरीवर चालला असेल आणि सिरिंज डोळ्यांना न दिसेल अशी पुढे सरकत असेल? आता लाईट येईल. काचेवर आकडा उमटेल, खरा. एक मुलगी खाली वाकून तो वाचेल, आणि तिच्या ओठांत काहीतरी हलेल किंवा हलणार नाही. ती मुलगी कशी दिसते, हे तिला ठाऊक नव्हतं. खाटेवर कोण आहे तेही. सगळं नीट गेलं तर कुणी फोन करणार नाही. नीट गेलं नाही, तरी कुणी करणार नाही. घरचे म्हणतील, सुटले. खालच्या मजल्यावरची बाई गॅलरीत आली असावी, काठीचा आवाज आला. "अहो ताई, आहात ना घरात? तुमच्याकडेही गेलीय का?" "हो," ती अंधारात म्हणाली, "इकडेही गेलीय." "येईल आता," खालून आवाज आला, आणि दोघीजणी आपापल्या जागी, एकमेकींना न दिसता, वाट बघत राहिल्या.